खणातले सात चष्मे

वाचकांचे प्रश्न, कमी दृष्टीविषयी

मागच्या अंकात पत्रं मागवली तेव्हा वाटलं होतं, पाच-सहा येतील. टपाल आणि फोनवरचे निरोप मिळून बरीच आली, आणि बहुतेक सुनांची, मुलांची, आयांची. ज्याची नजर अधू तो स्वतः क्वचितच लिहितो. त्याला लिहिता आलं असतं तर पत्राची गरजच कमी झाली असती. त्यातली चार इथं घेते. मी बेळगावात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर मोजून भिंगं ठरवणारी. गेली बारा वर्षं आठवड्याचे तीन दिवस फक्त लो व्हिजनची माणसं बघते. म्हणजे चष्मा, औषध, ऑपरेशन सगळं करून झाल्यावरही ज्यांची नजर पुरी पडत नाही अशी.

प्रश्न: आमचे मामंजी ७१ वर्षांचे. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. साखर अठरा वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेसर झालं, इंजेक्शनं झाली. आता डॉक्टर म्हणतात, पडदा स्थिर आहे, पण नजर एवढीच राहणार, नंबर देऊन उपयोग नाही. तरी आम्ही तीन दुकानांतून तीन चष्मे करून आणले. कागदावर दोन्ही डोळ्यांना ६/६० लिहिलंय. पेपर वाचता येत नाही म्हणून दिवसभर चिडचिड करतात. लो व्हिजन म्हणजे नक्की काय आणि आम्ही जायचं कुणाकडं?
एक सून, निपाणी

उत्तर: तीनवर थांबलात हे बरं केलंत. आमच्या घरी सात झाले होते. माझे वडील वडगावात मागावर होते. साठीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. समोरच्या माणसाकडं बघितलं की त्याचं तोंड पुसलेलं, कान तेवढे शाबूत. तुटलेला धागा ते बोटानं हुडकायचे आणि कुणाला पत्ता लागू द्यायचे नाहीत. मी तेव्हा नुकती शिकून एका चष्म्याच्या दुकानात लागले होते. दर दिवाळीला त्यांचा नंबर काढायची, पाव-अर्धा इकडं तिकडं करायची आणि नवी फ्रेम घालायची. सातवा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काच चांगली पुसलीस हं." ते सातही चष्मे अजून कपाटाच्या खणात आहेत. मी टाकत नाही.

चष्मा एवढंच करतो की किरण पडद्यावर नेमके आणून सोडतो. पुढचं काम पडद्याचं. ताणाच ठिकठिकाणी तुटलेला असेल तर धोटा बदलून कापड होत नाही. तुमच्या डॉक्टरांना हेच म्हणायचं होतं. ते पुढं एक वाक्य बोलायचे राहिले: उरलेल्या नजरेचं काय करायचं ते शिकवणारी माणसं वेगळी असतात.

६/६० म्हणजे धड नजरेच्या माणसाला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी मामंजींना ६ मीटरवर यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ हून कमी पण ३/६० पर्यंत असेल तर तिला लो व्हिजन म्हटलंय. त्याच्याही खाली गेली की अंधत्व. मामंजी मधल्या पट्ट्यात आहेत, आणि घरादाराला कळत नाही ती नेमकी हीच जागा. पाण्याचा तांब्या बरोबर उचलतात, मग पेपर तेवढा कसा दिसत नाही, असं कुणीतरी बोलतंच. तांब्या मोठा आहे, रोज एकाच जागी आहे. अक्षराचं तसं नाही.

आता कुणाकडं. आपल्याकडं पांढरा कोट दिसला की तो डोळ्याचा डॉक्टर. खरं तर माणसं तीन. नेत्रतज्ज्ञ एम.बी.बी.एस. होऊन पुढं डोळ्यांचं शिकलेला. रोग, लेसर, शस्त्रक्रिया त्याच्याकडं. ऑप्टोमेट्रिस्ट चार वर्षांची पदवी घेऊन नजर मोजतो, भिंगं ठरवतो. ऑप्टिशियन कागदावरच्या नंबराप्रमाणं चष्मा बनवून देतो; तुमची तीन दुकानं ही. लो व्हिजनचं काम बहुतेक ठिकाणी दुसऱ्याकडं, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टकडं असतं, पण पहिल्याची चिठ्ठी घेऊन. आणि पहिल्याकडची पडद्याची तपासणी बंद करायची नाही. साखर आहे, आज पडदा स्थिर आहे म्हणून वर्षानंही असेल असं नाही.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, हुबळी, तुम्हाला सोयीचं पडेल तिथल्या मोठ्या नेत्र रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात फोन करा आणि "लो व्हिजन कोणत्या वारी बघतात?" असं विचारा. "आहे का?" असं विचारलं की फोनवरचा माणूस "नाही" म्हणून मोकळा होतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत यासाठी स्वतंत्र विभाग आहे, पण पेपर वाचण्यासाठी कुणाला एकदम हैदराबादला धाडावं असं मला वाटत नाही.

जाताना तिन्ही चष्मे, सगळे जुने कागद आणि घरचा 'तरुण भारत' बरोबर न्या. पेपर कशाला, ते सांगते. इकडं जवळच्या वाचनाचा तक्ता बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. माझ्याकडं एक आजी आल्या, त्यांच्या आधीच्या कागदावर एका रुग्णालयानं 'वाचू शकत नाहीत' असा शेरा मारला होता. आजींना कन्नड लिपी येत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. मराठी पंचांग पुढं ठेवलं तर तिथी वाचून दाखवली. दूरच्या नजरेसाठी 'ई'चा तक्ता असतो. त्याच्या काड्या कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं, तिथं भाषेचा प्रश्न येत नाही. जवळच्यासाठी आपला कागद आपण न्यावा.

मी माणसाला पहिल्यांदा विचारते, काय करायचंय? "दिसत नाही" या उत्तरावर मला काही करता येत नाही. एकीला तांदळातले खडे वेचायचे असतात, एकाला पत्ते खेळायचे असतात, एका आजोबांना दारात कोण आलंय ते त्यानं "ओळखलं का?" म्हणायच्या आत कळायला हवं होतं. मामंजींना पेपर, आणि माझा अंदाज, वही. दिवाणजी माणसाची वही असतेच.

मग हिशेब. समजा पंचवीस सेंटिमीटरवरून त्यांना फक्त मथळा वाचता आला आणि बातमीचं अक्षर त्या मथळ्याच्या एक तृतीयांश आहे. म्हणजे अक्षर तिप्पट मोठं दिसायला हवं. भिंगाच्या नंबराला चारानं भागलं की साधारण किती पट ते निघतं. तिपटीसाठी बारा नंबर. बारा नंबरच्या भिंगातून अक्षर स्पष्ट होतं ते आठेक सेंटिमीटरवर. नाकापुढं आडवी चार बोटं धरा, तेवढंच.

इथं मामंजी म्हणणार, कागद खायचाय का मला? सगळेच म्हणतात. बहुतेकांचा असा जाड भिंगाचा चष्मा इथंच खणात जातो, कारण जुन्या सवयीनं ते कागद हातभर लांब धरतात आणि हाही फुकट गेला म्हणतात. कागद आधी नाकाला टेकवायचा, मग सावकाश लांब न्यायचा, अक्षर उजळलं की थांबायचं. मान फिरवायची नाही, कागद सरकवायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, पंधरा दिवस. असं वाचून डोळे बिघडत नाहीत. दमतात, ते वेगळं. हात कापत असेल तर पायावर उभं राहणारं स्टँडचं भिंग असतं, ते थेट कागदावर ठेवायचं.

भिंगाच्याही आधी उजेड. साखरेनं खाल्लेल्या पडद्याला काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी कळतो, म्हणून पेपरच्या करड्या कागदावर अक्षरही करडंच दिसतं. छताला लावलेली ट्यूब खोलीला उजेड देते, कागदाला नाही. वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प आणा. चांगल्या डोळ्याच्या बाजूनं, कागदाच्या जवळ, आणि बल्ब डोळ्यांच्या पातळीखाली, म्हणजे तिरीप डोळ्यांत जाणार नाही. काळ्या कार्डशीटला दोन ओळी दिसतील एवढी आडवी खाच कापा आणि पानावर ठेवा. बाकी पांढरं झाकलं जातं, ओळ सुटत नाही. माझ्या खोलीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि घरी नेल्यावर खरोखर वापरली जाते तीही हीच. वहीसाठी जाड काळा मार्कर आणि तुम्ही पट्टीनं ठळक आखून दिलेल्या रेघा. ताटलीचंही बघा: स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि त्यावर दही म्हणजे त्यांच्या दृष्टीनं रिकामं ताट.

इन्सुलिनचं पेन वापरत असतील तर टिकटिक मोजून त्यांना डोस घेऊ देऊ नका. आकडा तुम्ही बघून द्या.

माझ्या वडिलांना शेवटी स्टँडचं भिंग दिलं. त्यांनी पेपर वाचलाच नाही. मागाच्या हिशेबाची जुनी वही काढली आणि कोण किती देणं लागत होता ते दोन दिवस मोठ्यानं वाचत बसले.

प्रश्न: आई ८१ वर्षांची. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेलेत, उजेड आणि सावल्या कळतात. दोन महिने झाले, तिन्हीसांजेला तिला भिंतीवर जाळी दिसते. कधी अंगणातून रंगीत परकर घातलेल्या लहान मुली रांगेनं जातात. बोलत नाहीत. ती घाबरत नाही, "आल्या बघ," म्हणते. घरात बाकी सगळे घाबरलेत. देवर्ष्याकडं नेलं, त्यानं अंगारा दिला. आईचं डोकं फिरलंय का?
खानापूर तालुका

उत्तर: नाही, आणि बाहेरचंही काही नाही. १७६० साली चार्ल्स बॉने नावाच्या स्विस विद्वानानं आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलं. आजोबा नव्वदीच्या आसपासचे, नजर गेलेली, बुद्धी तल्लख. आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. आज या प्रकाराला त्याच बॉनेचं नाव आहे. डोळ्यांकडून मेंदूला चित्रं येणं थांबतं, मेंदूचा चित्रांचा कारखाना मात्र बंद पडत नाही. माल आला नाही तर तो स्वतःचाच काढतो. जाळी, नक्षी, ठेंगणी माणसं, झगझगीत कपडे. जगभर लोक हेच सांगतात. खानापुरात परकर दिसतात, एवढाच फरक.

मला याहून काळजी वाटते ती न सांगणाऱ्यांची. वेडी म्हणतील, आश्रमात टाकतील, या भीतीनं कित्येक म्हाताऱ्या हे वर्षानुवर्षं पोटात ठेवतात. मी आता काचबिंदूच्या प्रत्येक माणसाला स्वतःहून विचारते, "नसलेलं काही दिसतं का?" एका आजोबांनी एवढं ऐकून हात जोडले होते.

तुमची आई न घाबरता "आल्या बघ" म्हणते, म्हणजे त्या खऱ्या नाहीत हे तिला ठाऊक असावं. तिला एकदा विचारून खात्री करा. मुली आल्या की दिवा लावायचा, डोळे मिचकावायचे, नजर झटकन डावीकडून उजवीकडं न्यायची, नाहीतर उठून त्या दिशेनं हात करायचा. बहुतेक वेळा विरतात. संध्याकाळी तिला अंधाऱ्या सोप्यात एकटी बसवू नका. बऱ्याच जणांना काळानं हे कमी होत जातं. पण आवाज यायला लागले, मुलींशी ती भांडायला लागली, दिवस-वार विसरायला लागली, किंवा हे नव्या गोळीनंतर वा तापात सुरू झालं असेल, तर ते बॉनेचं नव्हे. मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. काचबिंदूचे थेंब चालूच ठेवायचे, उरलेला उजेड त्यांच्यावरच आहे.

अंगाऱ्याला माझी हरकत नाही, डोळ्यांत घालू नका म्हणजे झालं.

प्रश्न: माझा मुलगा मराठी शाळेत सहावीला आहे. जन्मापासून केस-कातडी पांढरी, डोळे सारखे हलतात, उन्हात उघडत नाहीत. डॉक्टरांनी अल्बिनिझम सांगितलंय, चष्मा लावून ६/३६. पुस्तक नाकाला लावून वाचतो, मान वाकडी करून बघतो. बाई म्हणतात, त्याला सरळ बसायची सवय लावा नाहीतर डोळे जातील. काय करू?
एक आई, बेळगाव तालुका

उत्तर: बाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे पान दाखवा. पुस्तक नाकाला लावणं हे त्याचं स्वतः शोधलेलं भिंग आहे. अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट होतं, आणि लहान मुलाच्या डोळ्याला एवढ्या जवळ जुळवून घेता येतं. त्यानं नजर कमी होत नाही. वाकड्या मानेचंही तसंच. डोळे सारखे हलतात, पण एका विशिष्ट कोनात ते सर्वांत कमी हलतात, आणि पोरानं तो कोन हुडकून काढलाय. मान सरळ केलीत तर अक्षर नाचायला लागेल. त्यापेक्षा बाक बदला: पुढचा, आणि त्याची मान ज्या बाजूला वळते तिकडून फळा समोर येईल असा. खिडकीकडं तोंड नको.

फळ्यासाठी एका डोळ्याची छोटी दुर्बीण मिळते, बोटाएवढी. चार पटीची असेल तर ६/३६ वाला ६/९ च्या आसपास जातो. तिची खोड अशी की दिसतं मोठं पण तुकडाच दिसतो. म्हणून फळ्याची वरची डावी कड पकडायची, ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, पुन्हा त्याच ओळीनं मागं यायचं आणि मग खाली. हे शिकवावं लागतं. आधी घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग रस्त्यावरच्या पाट्यांवर. पोरं आठवड्यात शिकतात आणि मग दुर्बिणीतून क्रिकेट बघतात. बघू द्या.

हे शिकवणारा माणूस म्हणजे विशेष शिक्षक, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं नोंदणी असलेला. तालुक्याच्या बी.आर.सी. कार्यालयात, म्हणजे शिक्षण खात्याच्या संसाधन केंद्रात, अशा शिक्षकांची नेमणूक असते. मुख्याध्यापकांमार्फत लेखी मागा. तोंडी मागणीला हातपाय नसतात. त्या शिक्षकांना कन्नडच्या तासाबद्दल मुद्दाम सांगा. मराठीत व आणि ब, कन्नडमध्ये प आणि ष, सगळा खेळ एका बारीक काडीचा. आपली पोरं दोन्ही लिप्या एकाच वेळी शिकतात आणि याला ती काडीच दिसत नाही. मग मार्क गेले की 'कन्नड कच्चं' असं प्रगतिपुस्तकावर येतं. त्याला वीतभर अक्षरं काढून द्या, काडीवर लाल खडू फिरवा.

दोन्ही डोळे चष्म्यासह ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर दिव्यांगत्व ४० टक्के धरलं जातं, आणि सवलती बहुतेक ४० पासूनच सुरू होतात. म्हणून यू.डी.आय.डी. कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आत्ताच काढा. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात. ते देशभर चालतं, पुढं शिकायला कोल्हापूर-पुण्याला गेला तरी. केंद्राच्या नियमावलीप्रमाणं अशा विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. निपाणीच्या सूनबाई, हे ४० टक्क्यांचं गणित मामंजींनाही लागू आहे.

आणि टोपी. रुंद काठाची, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद काचांचा चष्मा. त्याच्या कातडीला ऊन खरोखर धोक्याचं आहे. गणवेशात टोपी बसत नाही असं शाळा म्हणाली तर मला कळवा.

प्रश्न: वय २७. साखर कारखान्यात शिफ्टला असतो. रात्री दिसत नाही, दिवसा कडेचं दिसत नाही, लोकांना धडकतो. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे पडदा कडेनं निकामी होत जाणारा आजार, सांगितलं, उपाय नाही म्हणाले. समोरचा तक्ता मात्र ६/९ वाचतो, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. मोटारसायकल चालवू का? पांढरी काठी घ्या असं कुणी सुचवलं, पण गावात काठी घेऊन फिरलो तर लग्न कोण करणार? बहिणीचं मामाच्या मुलाशी ठरतंय, तेही विचारायचं होतं.
चिकोडी तालुका

उत्तर: मोटारसायकल आजपासून बंद. रात्रीचीच नव्हे, दिवसाचीही. कडेनं आलेलं पोर तुम्हाला दिसणार नाही.

एक हात समोर लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश. तुमच्या नजरेचा घेर त्याहून कमी भरला तर कायद्यात ते अंधत्व धरतात, मग तक्ता कितीही खाली वाचा. म्हणून 'फील्ड टेस्ट'चा, म्हणजे हा घेर मोजणाऱ्या तपासणीचा, कागद काढून घ्या. तोच दाखवला की विश्वास बसेल, आणि रात्रपाळी बदलून मागतानाही तोच लागेल.

तुम्हाला लागणारा माणूस मोबिलिटी शिक्षक. भिंगाचा तुम्हाला उपयोग नाही. एवढ्याशा घेरात मोठं करून आणखी कमी मावेल. मोबिलिटी शिक्षक काठी घेऊन चालायला शिकवतो. काठीची उंची उभं राहिल्यावर छातीच्या हाडापर्यंत. उजवा पाय पुढं पडताना टोक डावीकडं, डावा पडताना उजवीकडं, म्हणजे पुढचं पाऊल पडायच्या आधी ती जागा तपासून झालेली असते. रुंदी खांद्यांपेक्षा जराशीच जास्त. ऐकायला सोपं आहे. हातात बसायला काही आठवडे लागतात. काठी घडीची मिळते, दिवसा पिशवीत राहील.

लग्नाचं म्हणाल तर गाव तुम्हाला आत्ता काय म्हणतंय? संध्याकाळी धडकत चालणाऱ्या जवान माणसाला लोक प्यायलाय म्हणतात. माझ्याकडं आलेल्या एका मुलाची सोयरीक त्यावरूनच मोडली होती. तुम्हाला काठीची लाज वाटते, ते मला समजतं. पण लोक काठीकडं बघून बाजूला होतात, ट्रॅक्टर थांबतो.

बसचं: फलक कन्नडमध्ये, तुमची नजर नळीतून बघितल्यासारखी, आणि फलक सापडेपर्यंत बस निघून जाते. फोनचा कॅमेरा फलकावर धरून वाचून घेणारी अ‍ॅप्स आहेत, पण गर्दीत मला कंडक्टरच भरवशाचा वाटतो. "निप्पाणी होगतद?" (निपाणीला जाते का?) एवढं कन्नड पुरतं.

बहिणीचं लग्न थांबवा असं मी म्हणत नाही. हा आजार पुष्कळदा अशा दोषातून येतो की आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तरच दिसतो, आणि मामाच्या घरात तोच दोष असण्याची शक्यता परक्या घरापेक्षा जास्त. बहिणीचे आणि मामाच्या मुलाचे डोळे तपासून घ्या, आणि साखरपुड्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. मोठ्या मेडिकल कॉलेजांत अशी सोय असते.

काठीचं पहिलं शिक्षण घरच्या अंगणात, मग ओळखीच्या रस्त्यावर, दिवसा. दिवाळी झाली की तुमच्याच कारखान्याचा हंगाम लागेल आणि मागं लाल दिवा नसलेल्या जोडट्रॉल्या रात्रभर रस्त्याकडेला उभ्या राहतील. त्याआधी सुरुवात करा.